सोळा, पण कशाचे? डिजिटल डिझाइनमधली फॉन्टची मापं समजून घेताना

काही वर्षांपूर्वी मी एका वेबसाइटचं पहिलं पान फोटोशॉपमध्ये तयार केलं. वरचा मथळा चांगला भरदार दिसत होता. आकाराच्या चौकटीत १२ पॉइंट लिहिलेलं होतं. तोच आकडा टिपणात टाकून मी फाइल डेव्हलपरकडे पाठवली. त्याने तो इमानेइतबारे कोडमध्ये उतरवला आणि पान उघडून बघतो तर मथळा मुंगीएवढा! माझी फाइल छपाईच्या जुन्या सवयीने ३०० पीपीआयवर, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल धरून, बनलेली होती, म्हणून माझे १२ पॉइंट हे प्रत्यक्षात ५० पिक्सेल होते. ब्राउझरच्या हिशेबाने १२ पॉइंट म्हणजे १६ पिक्सेल. दोघांचंही गणित बरोबर होतं, पान तेवढं चुकलं.

तेव्हापासून फॉन्टचा कुठलाही आकडा समोर आला की मी आधी विचारतो: हे कशाचे? इंचाच्या ७२ व्या भागाचे, पडद्यावरच्या ठिपक्यांचे, आजूबाजूच्या मजकुराच्या तुलनेतले, की ब्राउझरच्या खिडकीच्या रुंदीतले? या एका प्रश्नाला धरून गेलं की पॉइंट, पिक्सेल, एम, रेम, एसपी ही सगळी भाऊगर्दी हळूहळू सुटी होत जाते.

पहिली पायरी: आकडा कुणाची उंची सांगतो ते पाहा

लगेच करून बघण्यासारखा एक प्रयोग. फिग्मा या डिझाइनच्या साधनात किंवा ब्राउझरमध्ये एरिअल फॉन्ट घ्या, आकार १०० ठेवा आणि इंग्रजीतला मोठा एच टाइप करा. आता त्या एचची उंची मोजा. ती साधारण ७२ पिक्सेल भरेल. मग उरलेले २८ गेले कुठे?

याचं उत्तर शिशाच्या खिळ्यांत आहे. छापखान्यात प्रत्येक अक्षर एका खिळ्याच्या डोक्यावर उठावात ओतलेलं असे. जुळारी हे खिळे शेजारी शेजारी लावून ओळ जुळवत असे, त्यामुळे एका मापाच्या सगळ्या खिळ्यांची उभी जाडी सारखी असणं भाग होतं. ‘बारा पॉइंटचा टाइप’ म्हणजे बारा पॉइंट जाडीचा खिळा. त्यावरचं अक्षर त्याहून लहानच असायचं, कारण खाली लोंबणाऱ्या शेपटीला आणि वर जाणाऱ्या दांड्याला त्याच खिळ्यावर जागा द्यावी लागे. शिसं गेलं, खिळे गेले, पण हिशेब तोच राहिला. आजच्या फॉन्टमध्ये त्या खिळ्याच्या जागी एक अदृश्य चौकोन असतो, त्याला एम म्हणतात. फॉन्ट बनवणारा हा चौकोन बारीक भागांत विभागतो, बहुतेक वेळा १००० किंवा २०४८, आणि त्या जाळीवर अक्षरं काढतो. तुम्ही आकार १६ दिलात की हा चौकोन १६ चा होतो. अक्षर त्यात किती जागा घेणार, हे फॉन्टकर्त्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं.

म्हणूनच एकाच आकड्याचे दोन फॉन्ट शेजारी ठेवले तर एक ठसठशीत आणि दुसरा किडकिडीत दिसतो. व्हर्डानाचं इंग्रजी छोटं एक्स हे चौकोनाच्या सुमारे ०.५४५ पट उंच आहे, तर टाइम्स न्यू रोमनचं ०.४४८ पट. १६ पिक्सेलला व्हर्डानाचं एक्स ८.७ पिक्सेल भरतं आणि टाइम्सचं ७.२. टाइम्सला व्हर्डानाइतकं दिसायचं असेल तर त्याचा आकार साडेएकोणीसच्या आसपास न्यावा लागेल. फॉन्ट बदलला आणि आकडा तसाच ठेवला, तर आकार बदलला असं समजा.

देवनागरीत हा मामला आणखी गुंतागुंतीचा आहे. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार यांची गर्दी. खाली उकार, ऋकार. आणि ‘द्ध’, ‘ट्ठ’ यांसारखी एकावर एक उभी राहणारी जोडाक्षरं वेगळीच. हे सगळं त्याच चौकोनाच्या हिशेबात बसवायचं तर मूळ ‘क’ला जरा आक्रसून बसावं लागतं. मजकुरात मराठी आणि इंग्रजी शब्द एका ओळीत आले की बऱ्याच फॉन्टजोड्यांत मराठी बारीक वाटतं ते यामुळे. सॉफ्टवेअर बिघडलेलं नसतं. यावरचा उपाय पुढे येईल.

दुसरी पायरी: पॉइंट नेमका कुठला ते ठरवा

पॉइंट हे यातलं सगळ्यात जुनं माप, आणि सगळ्यात फसवंही. पॅरिसमध्ये फुर्निए याने १७३७ साली टाइपच्या मापांची पद्धत मांडली, त्याच शतकाच्या उत्तरार्धात दिदो घराण्याने ती बदलली आणि १८८६ मध्ये अमेरिकेतल्या टाइप ओतणाऱ्यांनी स्वतःचा पॉइंट ठरवला. त्या अमेरिकी हिशेबाने एका इंचात सुमारे ७२.२७ पॉइंट बसत. संगणकावरची छपाई आली तेव्हा पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या संगणकभाषेने हे अपूर्णांकाचं लोढणं काढून टाकलं आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा बरोबर ७२ वा भाग, म्हणजे सुमारे ०.३५३ मिलिमीटर, असं पक्कं झालं. आज वर्डमध्ये, पीडीएफमध्ये, छपाईच्या कोणत्याही फाइलमध्ये हाच पॉइंट आहे. १२ पॉइंटचा एक पायका, ६ पायकांचा एक इंच.

कागदावर गोष्ट इथेच संपते, कारण कागदावर इंच म्हणजे इंचच. पडद्यावर आल्यावर गोंधळ सुरू होतो.

१९८४ च्या मॅकिंटॉशचा पडदा इंचाला ७२ ठिपक्यांचा होता, त्यामुळे तिथे एक पॉइंट म्हणजे एक पिक्सेल असं सोपं समीकरण जमलं. विंडोजने मात्र इंचाला ९६ ठिपके धरले. पडदा कागदापेक्षा लांबून वाचला जातो, त्यामुळे अक्षरं थोडी मोठी असणं सोयीचं होतं. परिणाम असा की जुन्या काळी पॉइंटमध्ये माप दिलेलं एकच वेबपान मॅकवर बारीक आणि विंडोजवर मोठं दिसायचं. पुढे वेबने ९६ चा आकडा स्वीकारला आणि सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत, तो कायमचा झाला. म्हणून वेबवर:

पिक्सेल = पॉइंट × ४ ÷ ३

९ पॉइंटचे १२ पिक्सेल, १२ चे १६, १८ चे २४, २४ चे ३२. ब्राउझरचा ठरावीक आकार १६ पिक्सेल असतो, तो म्हणजे कागदावरचे आपले ओळखीचे १२ पॉइंटच.

फोटोशॉपसारख्या साधनात फाइलचं रिझोल्यूशन मध्ये येतं, तिथे सूत्र वेगळं:

पिक्सेल = पॉइंट × पीपीआय ÷ ७२

७२ पीपीआयच्या फाइलमध्ये १२ पॉइंटचे १२ पिक्सेल आणि ३०० पीपीआयच्या फाइलमध्ये ५०. माझा मथळा इथेच बुडाला. पडद्यासाठी काम करताना फोटोशॉपच्या प्रेफरन्सेसमध्ये जाऊन टाइपचं एकक पिक्सेल करून टाका. पुन्हा कधी पॉइंट दिसलाच नाही तर चूक होणार कशी?

पॉइंट-पिक्सेलची गल्लत केवळ दिसण्यापुरती नसते. वेबच्या सुलभतेचे नियम, म्हणजे डब्ल्यूसीएजी, साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ असा कॉन्ट्रास्ट मागतात आणि ‘मोठ्या’ मजकुराला ३ ला १ वर सोडतात. मोठा म्हणजे किती? १८ पॉइंट, किंवा ठळक असल्यास १४ पॉइंट. अनेकजण हे १८ पिक्सेल समजून फिकट करडा रंग खपवतात. प्रत्यक्षात ती मर्यादा २४ पिक्सेलची आहे, आणि ठळक मजकुरासाठी सुमारे १८.७ पिक्सेलची.

तिसरी पायरी: पिक्सेलवर फार विश्वास टाकू नका

पिक्सेल म्हणजे पडद्यावरचा एक ठिपका, ही व्याख्या २०१० पर्यंत बरी चालत होती. मग आयफोन ४ आला. आधीच्या आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० ठिपक्यांचा, याचा त्याच आकारात ६४० बाय ९६०. जुन्याच हिशेबाने अक्षरं काढली असती तर ती निम्मी झाली असती. म्हणून हिशेबातला पडदा ३२० बाय ४८० चाच ठेवला आणि हिशेबातल्या प्रत्येक एककामागे आडवे दोन, उभे दोन असे चार खरे ठिपके लावले. अक्षरं त्याच मापाची राहिली, फक्त कडा धारदार झाल्या.

सीएसएसचा पिक्सेलही असाच हिशेबातला आहे. त्याची अधिकृत व्याख्या मला फार आवडते, कारण ती ठिपक्यांवर नाही, डोळ्यावर आधारलेली आहे: इंचाला ९६ ठिपके असलेला पडदा हातभर अंतरावर, म्हणजे २८ इंचांवर, धरला तर त्यातला एक ठिपका डोळ्याशी जेवढा कोन करतो, तेवढा एक पिक्सेल. तो कोन ०.०२१३ अंशांचा. वस्तू जवळून बघायची असेल तर पिक्सेल लहान, लांबून बघायची असेल तर मोठा. फोन आपण जवळ धरतो म्हणून त्यावरचा १६ पिक्सेलचा मजकूर लॅपटॉपवरच्यापेक्षा पट्टीने मोजला तर लहान भरतो, आणि तरी वाचताना तसं जाणवत नाही.

यातून एक गोष्ट लक्षात ठेवा: सीएसएसमध्ये सेंटिमीटर आणि इंच लिहिता येतात, पण पडद्यावर त्यांची पट्टीने खात्री करायला जाऊ नका. तिथला इंच म्हणजे ९६ पिक्सेल, बस.

फोनच्या अ‍ॅपमध्ये हेच तत्त्व वेगळ्या नावांनी येतं. आयओएसमध्ये एककाला ‘पॉइंट’च म्हणतात, आणि हे नाव ज्याने दिलं त्याने नवशिक्यांचा जरा तरी विचार करायला हवा होता. छापील पॉइंटशी त्याचा काही संबंध नाही. मूळ आयफोनवर इंचाला असे १६३ पॉइंट बसत. आयओएसच्या साध्या मजकुराचा ठरावीक आकार १७ पॉइंट आहे; त्या पडद्यावर तो सुमारे २.७ मिलिमीटर होतो. कागदावर १७ पॉइंट म्हणजे ६ मिलिमीटर. शब्द एक, आकडा एक, आणि फरक दुपटीहून जास्त.

अँड्रॉइडने निदान वेगळी नावं वापरली. डीपी हे इंचाला १६० भाग धरणारं एकक: खरे पिक्सेल = डीपी × पडद्याची घनता (इंचातले ठिपके) ÷ १६०. ४८० घनतेच्या फोनवर १६ डीपीचे ४८ खरे पिक्सेल. मजकुरासाठी मात्र डीपी वापरायचं नसतं, एसपी वापरायचं. दोघांत फरक एवढाच की वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली तर एसपी वाढतं आणि डीपी जागच्या जागी राहतं. अँड्रॉइड १४ पासून ही वाढ २०० टक्क्यांपर्यंत जाते आणि ती सरळ रेषेत नसते: बारीक मजकूर जास्त फुगतो, आधीच मोठे असलेले मथळे कमी. त्यामुळे ‘एसपी गुणिले अमुक’ असं स्वतः गणित करून आकार काढू नका, ते काम सिस्टिमवर सोडा.

फिग्मात आकड्यापुढे एकक नसतंच, आणि ते बरंच आहे. चौकटीची रुंदी फोनच्या हिशेबी रुंदीइतकी, म्हणजे ३६० किंवा ३९० अशी असेल, तर तिथला १६ हा वेबवर १६ पिक्सेल, आयओएसवर १६ पॉइंट, अँड्रॉइडवर १६ एसपी असा थेट वाचता येतो. पण कुणी १०८० रुंदीची चौकट घेऊन डिझाइन केलं असेल तर तो ४८ दिसेल आणि प्रत्येक आकड्याला तीनने भागत बसावं लागेल. अशी फाइल हातात आली तर आधी ती लहान करून घ्या, मगच पुढे जा.

चौथी पायरी: एम आणि रेम यांचा बाप कोण ते ओळखा

वेबवरचा खरा गुंता आणि खरी ताकद इथे आहे, त्यामुळे जरा थांबून वाचा.

एम हे तुलनेचं माप आहे. एखाद्या घटकाच्या फॉन्टचा आकार १.५ एम दिला तर तो त्याच्या पालक घटकाच्या, म्हणजे तो ज्याच्या पोटात आहे त्याच्या, दीडपट होतो. पालक १६ चा असेल तर २४, पालक २० चा असेल तर ३०. पण तेच एम तुम्ही पॅडिंग किंवा मार्जिनसाठी, म्हणजे घटकाच्या आतल्या किंवा बाहेरच्या मोकळ्या जागेसाठी, वापरलंत तर तुलना पालकाशी राहत नाही, त्या घटकाच्या स्वतःच्या फॉन्टशी होते. बटणाचा फॉन्ट २० पिक्सेल आणि पॅडिंग ०.५ एम असेल तर पॅडिंग १० पिक्सेल येईल. हा बारकावा न कळल्याने कित्येकांनी एमचा नाद सोडलाय.

दुसरा खड्डा म्हणजे साखळी. समजा, यादीचा आकार ०.९ एम ठेवला. वरची यादी १४.४ पिक्सेलची झाली. तिच्या पोटात दुसरी यादी आली, ती तिच्या पालकाच्या ०.९ पट, म्हणजे १२.९६. तिच्याही पोटात तिसरी: ११.६६. कोडमध्ये आकडा एकच, आणि पानावर अक्षरं विहिरीत उतरत चालल्यासारखी दिसतात.

यावरचा तोडगा म्हणजे रेम. रेम मधल्या कुणाकडेही न बघता थेट पानाच्या मुळाशी, म्हणजे एचटीएमएल घटकाच्या फॉन्टशी तुलना करतो. मूळ १६ असेल तर १.२५ रेम म्हणजे कुठेही २० पिक्सेल. हिशेब सोपा: हव्या त्या पिक्सेलला १६ ने भागा. १४ चे ०.८७५, १८ चे १.१२५, २४ चे १.५, ४० चे २.५.

मग पिक्सेलच का नाही लिहायचे? कारण ब्राउझरच्या सेटिंगमध्ये ठरावीक अक्षराचा आकार बदलता येतो. नजर कमजोर असलेला एखादा माणूस तो १६ चा २० करून ठेवतो. तुम्ही रेम वापरला असेल तर तुमचा २ रेमचा मथळा त्याच्यासाठी आपोआप ३२ चा ४० होतो. पिक्सेल वापरला असेल तर त्याची सेटिंग तुमच्या पानावर निरुपयोगी. पान झूम केलं तर पिक्सेलही वाढतात हे खरं, पण प्रत्येक पानावर झूम करत बसायला लागू नये म्हणूनच तर त्याने ती सेटिंग केली होती.

याच कारणाने मुळाचा फॉन्ट कधीही पिक्सेलमध्ये बांधू नका. एचटीएमएल घटकाला १६ पिक्सेल असं लिहिलंत की वापरणाऱ्याची निवड पुसली गेली आणि रेम वापरण्याचा सगळा हेतूच संपला. मूळ तसंच सोडा, किंवा १०० टक्के लिहा. काहीजण हिशेब सोपा व्हावा म्हणून मूळ ६२.५ टक्के करतात, म्हणजे १ रेम बरोबर १० पिक्सेल. वापरणाऱ्याची सेटिंग त्यात टिकते, हे मान्य. पण बाहेरून आणलेले तयार घटक १ रेम म्हणजे १६ असंच गृहीत धरून बनवलेले असतात, ते सगळे आक्रसतात. सोळाने भागायला कॅल्क्युलेटर पुरतो. त्यासाठी घराचा पाया हलवायची गरज मला तरी वाटत नाही.

माझा नियम असा: फॉन्टचा आकार रेममध्ये, बटण, टॅग, चिन्ह यांच्या आतली मोकळी जागा एममध्ये, म्हणजे अक्षर वाढलं की जागाही वाढते, आणि पिक्सेल फक्त बारीक रेघांसाठी. मीडिया क्वेरीत, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे नियम बदलणाऱ्या अटीत, रेम किंवा एम वापरलं तर तिथे तुलना ब्राउझरच्या ठरावीक आकाराशी होते, तुम्ही बदललेल्या मुळाशी नाही. ही गंमत एकदा माहीत असली की पुढचा तासभर वेळ वाचतो.

पाचवी पायरी: खिडकीबरोबर वाढणारे मथळे

व्हीडब्ल्यू म्हणजे खिडकीच्या रुंदीचा शंभरावा भाग. मथळा ४ व्हीडब्ल्यू केला की १२०० रुंदीला तो ४८ पिक्सेल आणि ३६० रुंदीला १४.४. एका टोकाला गर्जना, दुसऱ्या टोकाला कुजबुज. शिवाय यात एक दडलेला दोष आहे. पान २०० टक्के झूम केलं की ब्राउझरच्या हिशेबात खिडकी निम्मी होते, म्हणून व्हीडब्ल्यूतला मजकूर झूम करूनही तेवढाच राहतो. डब्ल्यूसीएजीची अट आहे की मजकूर दुप्पट करता आला पाहिजे. इथे तो हलतच नाही.

म्हणून सीएसएसमधलं क्लॅम्प हे फंक्शन वापरायचं. त्याला तीन किमती द्यायच्या: किमान, मधली बदलती आणि कमाल. उदाहरण घेऊ. मथळा ४०० रुंदीच्या फोनवर २४ पिक्सेल हवा, १२०० च्या पडद्यावर ४०. रुंदीत फरक ८००, आकारात फरक १६. सोळा भागिले आठशे म्हणजे ०.०२, तोच २ व्हीडब्ल्यू. आता ४०० रुंदीला २ व्हीडब्ल्यूचे ८ पिक्सेल होतात, हवेत २४, उरले १६ म्हणजे १ रेम. झालं: किमान १.५ रेम, मधली १ रेम अधिक २ व्हीडब्ल्यू, कमाल २.५ रेम. ८०० रुंदीला ३२ येतो का ते तोंडी तपासून बघा.

झूमचा दोष मात्र यात पूर्ण जात नाही. १२०० च्या पडद्यावर २०० टक्के झूम केलं की खिडकी ६०० ची होते, मथळा २८ चा आणि झूम धरून ५६. म्हणजे ४० चे ८० व्हायला हवे होते ते ५६ झाले. ४०० टक्क्यांवर तो ९६ होतो, तेव्हा कुठे दुपटीच्या पुढे जातो. किमान आणि कमाल यांत जितकं जास्त अंतर, तितकं हे दुखणं वाढतं. मी कमाल ही किमानच्या दुपटीच्या आत ठेवतो, आणि वाचनाच्या मुख्य मजकुराला हे लावतच नाही. तो साध्या रेममध्येच बरा.

सहावी पायरी: ओळींमधली हवा

फॉन्टचा आकार ठरला तरी वाचनीयता अर्धीच ठरते. खिळ्यांच्या काळात ओळींच्या मधे शिशाच्या पट्ट्या घालत, म्हणून त्या अंतराला लेडिंग म्हणतात. सीएसएसमधली लाइन-हाइट म्हणजे एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंतचं पूर्ण अंतर.

ती नेहमी एककाशिवाय लिहा, नुसती १.५. टक्क्यांत लिहिलं तर काय होतं बघा: पानाला १५० टक्के दिले, १६ च्या मजकुरावर २४ पिक्सेल निघाले, आणि पोटातल्या सगळ्या घटकांना वारशात हे २४ पिक्सेल मिळाले. ४० पिक्सेलच्या मथळ्यात दोन ओळी आल्या की एक दुसरीच्या डोक्यावर चढते. नुसता आकडा लिहिला तर वारशात तो आकडाच जातो आणि प्रत्येक घटक स्वतःच्या आकाराने गुणतो.

मराठीसाठी इंग्रजीचे आकडे उचलू नका. इंग्रजी परिच्छेदाला १.५ छान दिसतं. मराठीत वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडायला लागतात. मी मजकुराला १.६ ते १.८ आणि मथळ्याला १.३ च्या खाली नाही, असं धरतो. तपासायला ‘क्रूर’, ‘मुहूर्त’ असे खाली लोंबणारे शब्द एका ओळीत आणि ‘सर्वांनी’, ‘कीर्तीं’ असे वर चढणारे शब्द त्याच्या बरोबर खालच्या ओळीत टाका. नमुन्याचा मजकूर इंग्रजी किंवा लॅटिन भरून हे कधीच सापडणार नाही.

आणि अक्षरांमधलं अंतर वाढवण्याचा मोह देवनागरीत टाळा. इंग्रजी मथळा त्याने ऐटदार होतो. मराठीत शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे तारेवरच्या कपड्यांसारखे सुटे लटकतात.

सातवी पायरी: मराठी आणि इंग्रजी एका मापात आणणं

दोन्ही लिप्या एकाच फॉन्टकर्त्याने एकत्र काढलेल्या असतील, उदाहरणार्थ मुक्ता किंवा बलू, तर निम्मं काम तिथेच झालेलं असतं. दोन वेगळे फॉन्ट जोडायचे असतील तर ते १०० पिक्सेलला शेजारी मांडा. इंग्रजी छोट्या एक्सची उंची आणि मराठी ‘क’ची शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची मोजा. ‘क’ जरा उंच असला तर डोळ्याला जोडी जमलेली वाटते, कारण त्याच्या आत रेषा जास्त असतात.

जमत नसेल तर सीएसएसच्या फॉन्ट-फेस या, पानाला फॉन्ट जोडणाऱ्या नियमात साइझ-अ‍ॅडजस्ट नावाचा पर्याय आहे. देवनागरी फॉन्टला ११० टक्के दिलं की फक्त तीच अक्षरं दहा टक्क्यांनी मोठी होतात. इंग्रजी जागच्या जागी. आकडा एकच ठेवून दोन लिप्या सारख्या दिसतात. फॉन्ट-साइझ-अ‍ॅडजस्ट हा जवळपास त्याच नावाचा वेगळा गुणधर्म आहे; तो सहसा छोट्या एक्सच्या उंचीवर चालतो, आणि देवनागरीत एक्स नावाची चीजच नाही. त्यामुळे आपल्या कामाला पहिलाच. सीएच या एककाचंही तसंच: तो शून्याच्या अंकाच्या रुंदीवर चालतो, त्यामुळे मराठी ओळीत किती अक्षरं बसतील याचा अंदाज त्यावरून बांधू नका.

आठवी पायरी: मोजक्या मापांची उतरंड आणि तपासणी

नवीन काम हातात घेतलं की मी आधी मुख्य मजकूर ठरवतो, बाकी सगळं त्याच्यावरून. १६ घेतला आणि प्रत्येक पायरीला १.२५ ने गुणलं तर २०, २५, ३१.२५, ३९ असे आकार येतात. मराठी वाचनाच्या पानाला मी १८ पासून सुरू करतो. खाली एकच लहान माप ठेवतो, १४ चं, तळटीप आणि तारखेपुरतं. पाच-सहाच्या पुढे मापं गेली की कुणीतरी १७ आणि १९ ही घुसवणार, हे ठरलेलं.

फॉर्ममधल्या चौकटींचा फॉन्ट १६ पिक्सेलच्या खाली नेऊ नका. आयफोनवरची सफारी अशा चौकटीवर बोट ठेवताच पान स्वतःहून मोठं करते, आणि वापरणारा गोंधळतो.

मग तपासणी. ब्राउझरचा ठरावीक आकार १६ वरून २४ करा आणि काय वाढलं, काय अडलं ते बघा. जे अडलं तिथे पिक्सेल लपलेत. पान २०० टक्के झूम करा. खऱ्या फोनवर उघडा, आणि अक्षरं अचानक धुळीएवढी दिसली तर व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग, म्हणजे पान फोनच्या रुंदीत मांडायला सांगणारी कोडमधली ओळ, लिहायचा राहिलाय का ते आधी पाहा. तो नसेल तर मोबाइल ब्राउझर सहसा पान ९८० पिक्सेल रुंद धरतात आणि सगळं आवळून दाखवतात. ३९० रुंदीच्या फोनवर १६ चा मजकूर साडेसहाच्याही खाली जातो. शेवटी फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सगळ्यात मोठी करून अ‍ॅप चालवा. ठरावीक उंचीच्या चौकटीत कोंबलेला मजकूर इथे हमखास कापला जातो. त्या चौकटीची उंची मोकळी सोडा.

त्या मुंगीएवढ्या मथळ्यासाठी मी तेव्हा टिपणात ‘मथळा १२ पॉइंट’ एवढंच लिहिलं होतं. आज तेच टिपण असं जाईल: मथळा, मुक्ता ठळक, किमान १.५ रेम, कमाल २.५ रेम, ४०० ते १२०० रुंदीत वाढता, लाइन-हाइट १.३, एककाशिवाय, १ रेम म्हणजे ब्राउझरचा ठरावीक आकार, मूळ बदललेलं नाही, फाइल १४४० रुंदीची, एकपट मापात, म्हणजे फाइलमधला १ हा वेबवर १ पिक्सेल.